निशिगंधाचा कंद फुलतो एकदाच

पावसाळा ओसरला, की घरच्या बागेत सायंकाळी दरवळू लागतो तो निशिगंध. बाजारात गुलछडी आणि अन्यत्र रजनीगंधा या नावांनी ओळखले जाणारे हे कंदवर्गीय फूलझाड दसरा-दिवाळीच्या सुमारास ऐन बहरात असते. गच्चीत वा गॅलरीत ते सहज वाढते. तथापि, पहिल्या वर्षी उत्तम फुललेली कुंडी दुसऱ्या वर्षी नुसती पानेच देते, असा अनुभव अनेकांना येतो. कंद निकामी झाले असे समजून कुंडी रिकामी केली जाते. प्रत्यक्षात त्याच मातीत पुढच्या बहराची तयारी सुरू असते.

निशिगंध मूळचा मेक्सिकोतील. तेथील अ‍ॅझटेक लोक त्याला ‘हाडाचे फूल’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. वनस्पतिशास्त्रज्ञ आता त्याचा समावेश घायपाताच्या प्रजातीत करतात. घायपात आयुष्यात एकदाच फुलतो आणि मागे पिल्ले ठेवून मरतो. निशिगंधाच्या कंदाचेही तसेच आहे. एका कंदातून फुलांचा दांडा एकदाच येतो. त्यानंतर त्याच्याभोवती वाढलेले लहान कंद त्याची जागा घेतात. हे उपकंद पुरेसे पोसले नाहीत, अथवा कुंडीत त्यांची दाटी झाली, तर फुले येत नाहीत.

लागवड

शरदात फुले हवी असल्यास एप्रिल-मे महिन्यांत कंद लावावेत. दोन ते तीन सेंटिमीटर व्यासाचे, टणक आणि निरोगी कंद निवडावेत. बारा इंची कुंडीत तीन ते चार कंद पुरतात. माती, कुजलेले शेणखत आणि वाळू यांचे मिश्रण भुसभुशीत असावे. कंदाची टोकदार बाजू वर ठेवून ते सुमारे पाच सेंटिमीटर खोल लावावेत. कोंब दिसेपर्यंत पाणी बेताचेच द्यावे. कुंडीला दिवसातून किमान सहा तास ऊन मिळाले पाहिजे. सावलीत पाने वाढतात, पण फुले येत नाहीत. पावसाळ्यात कुंडीच्या तळाशी पाणी साचल्यास कंद कुजतात, म्हणून तळाची छिद्रे मोकळी ठेवावीत. नत्रयुक्त खताचा अतिरेकही टाळावा.

फुलोरा

लागवडीनंतर साधारणपणे तीन ते चार महिन्यांत दांडे दिसू लागतात. उंच दांड्यास काठीचा आधार द्यावा. कळ्या खालून वर क्रमाने उमलतात. त्यामुळे फुलदाणीसाठी दांडा कापताना खालची एक-दोन फुले उमललेली असावीत. एकेरी पाकळ्यांच्या प्रकाराला सुवास अधिक असतो व त्याची सुटी फुले हारांसाठी वापरतात. दुहेरी प्रकार फुलदाणीत शोभून दिसतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘शृंगार’ आणि ‘प्रज्वल’ या एकेरी जाती आहेत, तर ‘सुवासिनी’ ही दुहेरी आणि ‘वैभव’ ही अर्धदुहेरी जात आहे.

विश्रांती

फुले संपताच पाने कापण्याची घाई करू नये. हीच हिरवी पाने अन्न तयार करून उपकंदांना पोसतात. दांडा तेवढा कापावा आणि पाणी व थोडे खत चालू ठेवावे. थंडीत पाने पिवळी पडू लागली, की पाणी हळूहळू बंद करावे. पाने पूर्ण वाळल्यावर कंदांचा गड्डा अलगद उकरून काढावा, माती झटकावी आणि कंद सुटे करावेत. मऊ पडलेले अथवा बुरशी धरलेले कंद टाकून द्यावेत. उरलेले कंद सावलीत सुकवून हवेशीर टोपलीत किंवा कोरड्या वाळूत ठेवावेत.

उन्हाळ्यात पुन्हा लागवड करताना मोठे कंद एका कुंडीत आणि लहान कंद दुसऱ्या कुंडीत लावावेत. मोठे कंद त्याच वर्षी शरदात फुलतात. लहान कंद ते वर्ष वाढण्यात घालवतात व पुढील हंगामात फुलण्याजोगे होतात. कुंडीत दाटी नसेल, तर दरवर्षी कंद काढण्याची गरज नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा त्यांची विभागणी पुरे. एवढे पथ्य पाळले, तर एकदा आणलेल्या मूठभर कंदांवर घरची कुंडी वर्षानुवर्षे दरवळत राहते.