बेपत्ता व्यक्तीची मालमत्ता

ठावठिकाणा न लागलेल्या व्यक्तीच्या मालमत्तेचे रक्षण व व्यवस्थापन यांसंबंधीचा विधी. अशी व्यक्ती हयात की मृत हे निश्चित नसल्याने तिचे वारस मालक ठरत नाहीत आणि तिच्या सहीवाचून व्यवहारही होत नाहीत.

धर्मशास्त्रानुसार सामान्यतः बारा वर्षे वाट पाहून प्रतिकृतीचे दहन व उत्तरक्रिया करीत. तोवर एकत्र कुटुंबाचा कर्ता व्यवहार पाहत असल्याने वेगळ्या व्यवस्थापकाची गरज सहसा भासत नसे. प्रश्न निर्माण होई तो ओळखीचा व दर्जाचा. पानिपतच्या लढाईनंतर (१७६१) सदाशिवरावभाऊंच्या मृत्यूविषयी शंका राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी वैधव्य स्वीकारले नाही. याच अनिश्चिततेचा फायदा घेऊन एका तोतयाने १७७६ मध्ये कोकणात बंड उभारले. त्याच वर्षी त्यास पकडून पुण्यात देहान्त शासन देण्यात आले.

ब्रिटिश अमदानीत भारतीय पुरावा अधिनियमाने (१८७२) सात वर्षांची मुदत घातली. ज्यांना स्वाभाविकपणे वार्ता कळावयास हवी, त्यांना ती इतका काळ न कळल्यास व्यक्ती हयात असल्याचे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये (कलम १११) हाच नियम कायम आहे. मात्र या अनुमानावरून मृत्यूची तारीख ठरत नाही. आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने (२००४) हे स्पष्ट केले. व्यक्ती नाहीशी झाल्यावर हप्ते थांबून विमापत्र रद्द झाले होते, म्हणून कुटुंबास विम्याची पूर्ण रक्कम मिळू शकली नाही.

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेने (१८६७) निराळा मार्ग स्वीकारला. मुखत्यार न नेमता व्यक्ती नाहीशी झाल्यास न्यायालय तिच्या मालमत्तेसाठी ‘कुरादोर’ म्हणजे व्यवस्थापक नेमी. चार वर्षांनंतर संभाव्य वारसांना मालमत्तेचा ताबा मागता येई. इंग्लंड व वेल्समध्ये २०१७ च्या अधिनियमान्वये (अंमल २०१९) सर्वसाधारणपणे नव्वद दिवसांनंतर न्यायालयाकडे पालक नेमण्याचा अर्ज करता येतो.

भारताचा पालक व पाल्य अधिनियम (१८९०) अज्ञानांपुरता आहे. बेपत्ता प्रौढांच्या मालमत्तेसाठी तशी सर्वसाधारण केंद्रीय तरतूद नाही. विभक्त कुटुंब, बँकखाती व विमा यांच्या काळात सात वर्षांची ही पोकळी भरून काढण्यास पूर्वीचा कर्ता उरलेला नाही.