कोंडिविट्याचं ओस चर्च

आंजीच्या कब्रस्तानात फातिहा पढताना एक प्रश्न मला नेहमी पडतो. उद्या गावात आपलं कुणी उरलं नाही, तर या कबरींचं काय होईल? त्याचं उत्तर मला एका चर्चच्या इतिहासात सापडलं.

मुंबईत अंधेरीला सीप्झ ही निर्यात वसाहत आहे. तिच्या कुंपणाआत संत जॉन बाप्तिस्त यांच्या चर्चचे अवशेष उभे आहेत. १५७९ साली पोर्तुगीज अमलात जेझुइट पाद्र्यांनी ते बांधलं. तेव्हा इथे साष्टी बेटावरची शेतं आणि खेडी होती. कोंडिविटे हे त्यातलंच एक गाव. जवळच महाकालीची बौद्ध लेणी आहेत, म्हणजे चर्चच्या आधीही इथे प्रार्थना होत होती.

१७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली आणि साष्टीतला पोर्तुगीज अंमल संपला. १७७४ साली इंग्रज आले. राज्यं बदलली, पण गाव उठलं ते साथीमुळे. १८४० साली लोक मरोळला सरकले आणि तिथे नवं चर्च उभं राहिलं. जुन्या चर्चमधल्या मूर्ती, वेदीचे खांब आणि बाप्तिस्म्याचं कुंड त्यांनी सोबत नेलं. त्या काळी मृतांना चर्चच्या जमिनीत आणि आवारात पुरायची रीत होती. मूर्ती नेता येतात, पूर्वजांची माती नेता येत नाही.

पुढे छप्पर गेलं, झाडी वाढली. १९७३ साली सीप्झ आलं आणि पूर्वजांच्या चर्चला जायला परवानगी लागू लागली. तरीही मरोळचे ख्रिस्ती लोक वर्षातून एकदा, मे महिन्यात, तिथे मिस्सा करतात. हे बहुतेक ईस्ट इंडियन, घरात मराठी बोलणारे. ‘तुम्ही मराठी कसे?’ हा आपल्याला विचारला जाणारा प्रश्न त्यांनाही नवा नाही.

आपल्याकडेही धरणात गेलेल्या, पोटासाठी सोडलेल्या गावांत कब्रस्तानं मागे राहिली आहेत. कागदावर नोंद हवीच; सातबारा तपासा, हद्द मोजून घ्या. पण कागदाइतकीच माणसांची ये-जा महत्त्वाची. जिथे कुणीच जात नाही, ती जागा लोकांना मोकळी वाटू लागते.

या शब-ए-बारातला आपल्या गावच्या कबरींबरोबर शेजारच्या ओस गावातल्या कबरींवरही जाऊन या. मुलांना सोबत न्या.