सावित्रीकाठचा कीर आणि लंडनचा पोपट

सावित्री नदीकाठी महाड-पोलादपूरच्या भातखाचरांवर कीरांचा, म्हणजे पोपटांचा, थवा ओरडत उतरला तर कुणी मान वर करून पाहत नाही. ते इथलेच. हीच जात लंडनच्या बागांतही हजारोंनी राहते. ती तिथे कशी पोचली याच्या दंतकथा मात्र भारी आहेत: १९५१ मध्ये ‘द आफ्रिकन क्वीन’ चित्रपटासाठी आणलेले पक्षी लंडनजवळच्या आयझलवर्थच्या स्टुडिओतून उडाले, किंवा १९६८ मध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने कार्नबी स्ट्रीटवर एक जोडी सोडली.

कागद वेगळेच सांगतात. इंग्लंडमध्ये मोकळ्या कीरांनी घरटे केल्याची नोंद १८५५ ची, नॉरफकमधली आहे. म्हणजे त्या चित्रपटाच्या जवळजवळ शंभर वर्षे आधीची. २०१९ मध्ये संशोधक स्टीव्हन ल कोंबर आणि सहकाऱ्यांनी पक्षी दिसल्याच्या नोंदी नकाशावर मांडल्या. दंतकथांतल्या एकाही जागेला त्यातून आधार मिळाला नाही. जुनी वृत्तपत्रे चाळताना मात्र त्यांना १९२९ आणि १९५२ च्या सुमाराच्या बातम्या सापडल्या. पोपटांपासून माणसाला होणाऱ्या तापाची तेव्हा घबराट होती. घाबरलेल्या मालकांनी पिंजरे उघडले असावेत, हा त्यावरचा तर्क. मला तो पटतो, पण बातमी भीतीची आहे, सुटकेची नव्हे. हा फरक पुसू नये.

याहून बळकट पुरावा संग्रहालयांतल्या कीरांच्या जुन्या कातड्यांत मिळाला. संशोधक हेझल जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्यांची जनुके युरोपातल्या पक्ष्यांशी ताडून पाहिली. युरोपातल्या पक्ष्यांचे मूळ मुख्यतः पाकिस्तान आणि उत्तर भारतात निघाले. तिथली थंडी सोसलेले पक्षी युरोपच्या हिवाळ्यात तगले. आपला दख्खन-कोकणातला कीर त्यांचा दक्षिणेकडचा भाऊबंद. त्याची खालची चोच काळी असते. व्यापाराच्या नोंदींतही आशियातून युरोपात गेलेल्या पक्ष्यांची मोठी संख्या दिसते. एका प्रसिद्ध माणसाने नव्हे, तर वर्षानुवर्षे चाललेल्या पिंजऱ्यांच्या बाजाराने हे पक्षी परमुलखात नेले, असा माझा निष्कर्ष आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने कीराला संरक्षण आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो दुसऱ्या अनुसूचीत आला. त्याला पकडणे, विकणे, घरी पाळणे गुन्हा आहे. बाजारात कुणी पोपट विकताना दिसला तर दया येऊन विकत घेऊ नका आणि परस्पर सोडूनही देऊ नका. तो कुठल्या मुलखातून आणला हे आपल्याला ठाऊक नसते. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.