पर्वताच्या पायथ्याशी कापडाचे दुकान

दुकान हा इतिहासाचा विषय होऊ शकतो, असे म्हटल्यास पुष्कळ वाचकांस हसू येईल. राजे, लढाया आणि तह यांच्या शेजारी कापडाच्या गाठोड्यास कोण विचारतो? परंतु एखाद्या गावाने आपले पोट कशावर भरले आणि त्या पोटापायी काय गमावले, हे पाहावयाचे असेल तर दरबारापेक्षा बाजारपेठच अधिक खरे बोलते. म्हणून फ्रान्समधील आल्प्स पर्वताच्या कुशीत वसलेल्या शामोनी या गावी उघडलेल्या एका कापडाच्या दुकानाचा येथे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

शामोनी हे माँ ब्लाँ शिखराच्या पायथ्याचे गाव. १७४१ मध्ये विल्यम विंडहॅम व रिचर्ड पोकॉक हे इंग्रज प्रवासी तेथे गेले, तेव्हा तो मुलूख सॅव्हॉयच्या राजघराण्याकडे होता. फ्रान्सकडे तो आला १८६० मध्ये. गावकरी शेतीवर व गुराढोरांवर गुजराण करीत. विंडहॅमने तेथील विशाल हिमनदीस गोठलेल्या जलाशयाची उपमा दिली आणि पुढे तिला 'मेर द ग्लास', म्हणजे बर्फाचा समुद्र, हेच नाव पडले. १७६० मध्ये जिनिव्हाचा शास्त्रज्ञ सोस्यूर याने माँ ब्लाँची वाट शोधून काढणाऱ्यास बक्षीस जाहीर केले, आणि ८ ऑगस्ट १७८६ रोजी झाक बाल्मा व डॉक्टर पाकार हे त्याच खोऱ्यातील दोघे रहिवासी माथ्यावर पोहोचले. तेव्हापासून या गावाचे खरे शेत म्हणजे तो पर्वतच झाला.

या शेताची मशागत कशी करावी, हे गावकऱ्यांस एका दुर्घटनेने शिकविले. १८२० मध्ये हिमप्रपातात तीन वाटाडे दगावले. पुढल्याच वर्षी वाटाड्यांनी आपला संघ स्थापिला. प्रवाशांस नेण्याचे काम पाळीपाळीने मिळावे आणि आपद्ग्रस्त वाटाड्यांच्या कुटुंबांसाठी निधी असावा, अशी त्याची व्यवस्था होती. डोंगर हे सर्वांचे धन आहे, तेव्हा त्यापासून होणाऱ्या प्राप्तीचा काही अंश सर्वांसाठी राखला पाहिजे, हे तत्त्व त्या अल्पशिक्षित मंडळींस दोनशे वर्षांपूर्वी उमगले होते.

आता वस्त्रांकडे वळू. १८३८ मध्ये आँरिएत द'आँजव्हिल ही चव्वेचाळीस वर्षांची स्त्री माँ ब्लाँवर चढली. तिने या चढाईसाठी जाड लोकरी कापडाचा, आत ऊबदार अस्तर घातलेला पोशाख मुद्दाम शिवून घेतला होता. तो अवजड असे, भिजला की अधिकच जड होई. परंतु त्याचा धागा मेंढीच्या अंगावरचा होता आणि विटल्यावर तो मातीतच मिळणार होता. विसाव्या शतकात हा हिशेब बदलला. १९३५ मध्ये नायलॉनचा शोध लागला, पुढे इतर कृत्रिम धागे आले, आणि पर्वतावरचे कापड हलके, ऊबदार व जलाभेद्य झाले. मात्र हे धागे खनिज तेलापासून होतात, धुताना त्यांचे सूक्ष्म तंतू पाण्यात उतरतात, आणि पाणी झटकून टाकण्यासाठी ज्या फ्लोरिनयुक्त रसायनांचा लेप देत, ती निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाहीत.

आमच्या दुकानाचा मालक याच काळात पुढे आला. इव्हॉन शुइनार्ड हा अमेरिकन गिर्यारोहक धंद्याने लोहार. १९६६ मध्ये आल्प्समध्ये असताना त्याने शामोनीच्या खोऱ्यातील शार्ले कारखान्याकडून वक्र चोचीची नवी हिमकुऱ्हाड करवून घेतली. कड्यात ठोकावयाच्या पोलादी मेखा हा त्याचा मुख्य व्यापार. परंतु त्या वारंवार ठोकल्याने व काढल्याने कडेच विद्रूप होतात हे दिसताच, १९७२ च्या आपल्या सूचिपत्रात त्याने हातोड्याविना बसणाऱ्या पाचरांचा पुरस्कार केला. विक्रीचा मोठा वाटा ज्या वस्तूचा, तिच्याच विरुद्ध व्यापाऱ्याने बोलावे, हे दृश्य विरळाच! १९७३ मध्ये त्याने 'पॅटागोनिया' हा कपड्यांचा व्यवसाय आरंभिला, आणि १९८० नंतरच्या दशकात शामोनीस त्याचे दुकान उघडले. १९९३ पासून टाकाऊ बाटल्यांपासून ऊबदार कापड, १९९६ पासून कीटकनाशकांविना पिकविलेला कापूस, २००२ मध्ये विक्रीचा शेकडा एक हिस्सा निसर्गरक्षणास देणाऱ्या व्यापाऱ्यांची संस्था आणि २०२२ मध्ये कंपनीची मालकीच निसर्गकार्यास अर्पण, असा हा क्रम आहे. त्या शेकडा एकात आम्हांस वाटाड्यांच्या जुन्या निधीचीच सावली दिसते.

येथे चिकित्सक वाचक विचारील की, हे सारे भूषणास्पद असले तरी दुकान म्हणजे दुकानच ना? आक्षेप रास्त आहे. २०११ मध्ये याच कंपनीने न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात आपल्याच अंगरख्याचे चित्र देऊन 'हा विकत घेऊ नका' असे छापले, आणि त्या एका वस्त्रास १३५ लिटर पाणी लागते, हेही कबूल केले. तरी तिचा व्यापार त्यानंतर वाढलाच. संयमाचा उपदेशदेखील बाजारात विकला जातो, हे विसरून चालणार नाही.

आणि शामोनीस ही चर्चा केवळ तात्त्विक नाही. १९०९ मध्ये माँतनव्हेरपर्यंत आगगाडी पोहोचली, तेव्हा हिमनदी स्थानकाच्या फारशी खाली नव्हती. १९८८ मध्ये तिच्यापर्यंत रज्जुमार्ग बांधला. पुढे बर्फ इतके खचले की, रज्जुमार्गाच्या टोकापासून पाचशेहून अधिक पायऱ्या उतराव्या लागू लागल्या, आणि २०२४ मध्ये नदीच्या वरच्या अंगास नवा रज्जुमार्ग न्यावा लागला. ज्या बर्फाने गावास अन्न दिले, तेच पाठ फिरवीत आहे. आणि ते पाहण्यास लांबून येणाऱ्यांच्या प्रवासाचा धूरही त्यास कारण होतो.

मग अशा गावी असे दुकान उघडावे की न उघडावे? आमच्या मते उघडावे. परंतु त्याची परीक्षा गल्ल्यावरून न करता रफूगाराच्या मेजावरून करावी. किती अंगरखे विकले यापेक्षा किती जुने दुरुस्त होऊन पुन्हा डोंगरावर गेले, हा खरा हिशेब होय. केवळ व्यापाऱ्याच्या सद्बुद्धीवर विसंबून हे साधणार नाही. फ्रान्सने २०२३ च्या अखेरीपासून वस्त्रे व पादत्राणे दुरुस्त करविणाऱ्यास सवलत देऊ केली, आणि ती चिवट रसायने असलेल्या वस्त्रांवर २०२६ पासून कायद्याने बंदी घातली. हे योग्यच झाले. वाटाड्यांच्या निधीमागेही एकाच्या दानतीपेक्षा साऱ्या संघाचा नियम होता, म्हणूनच तो टिकला. व्यापाऱ्याची दानत, ग्राहकाची सुई आणि सरकारचा कायदा ही तिन्ही जेथे एकत्र येतील, तेथेच पर्वताच्या पायथ्याचे दुकान पर्वतास भार होणार नाही.