डिंक वेचणाऱ्याचा इतिहास



बाळंतिणीसाठी केलेला डिंकाचा लाडू चाखला नाही असा मनुष्य या सभेत विरळा. आपल्या लाडवातला डिंक बहुधा धावड्याचा वा बाभळीचा असतो. बाभळीच्याच एका दूरच्या भावंडाची हकीकत आज सांगावयाची आहे. आमची हयात हमालांच्या संघटनेत गेली. एकदा डिंकाचे पोते थप्पीला लावून घाम पुसणाऱ्या एका गड्याने आम्हांस विचारले, “पोते आम्ही वाहतो, पण हे झाडावरून काढतो कोण?” शाळा आमची लहानपणीच सुटलेली, उत्तरासाठी पुस्तके उघडणे भाग पडले.

सहाराच्या दक्षिणेस, सेनेगलपासून सुदानपर्यंत, कोरड्या गवताळ प्रदेशाचा पट्टा आहे. तेथे हे काटेरी झाड आपोआप वाढते. सुदानात त्यास हशाब म्हणतात. आपल्या राजस्थानात तेच कुमट होय. त्याच्या शेंगांतील बिया वाळवून ठेवतात आणि केर-सांगरीबरोबर पंचकुट्याच्या भाजीत घालतात. पावसाळा सरून पाने झडली की सालीची चिंचोळी पट्टी सोलावयाची; काही आठवड्यांनी जखमेवर डिंकाचे मणी धरतात. ते वेचावयाचे आणि दोन-दोन आठवड्यांनी पुन्हा त्याच झाडापाशी यावयाचे. हा डिंक पाण्यात विरघळतो, राळ विरघळत नाही. म्हणूनच हा खाण्याचा जिन्नस ठरला.

मग त्याच्यासाठी साम्राज्ये का भांडली? अठराव्या शतकात युरोपात आपल्या छिटांच्या धर्तीवर कापड छापू लागले. रंग पसरू नये म्हणून तो दाट करावा लागे, आणि त्या कामी हा डिंक उत्तम. सेनेगल नदीवरील सेंट लुई हे फ्रेंचांचे ठाणे इंग्रजांनी १७५८ साली घेतले, त्यात डिंकाच्या व्यापाराचा लोभ मोठा होता. १७८३ च्या तहाने सेनेगल फ्रान्सला परत मिळाले. पण पोर्तेंदिकच्या किनाऱ्यावर डिंक घेण्याचा हक्क इंग्रजांनी राखून ठेवला. तहात व्यापाऱ्याची आठवण राहिली, वेचणाऱ्याची राहिली नाही. नदीच्या उत्तरेस तो प्रायः मूर घराण्यांचा गुलाम होता. फ्रान्सने १८४८ साली आपल्या वसाहतींतील गुलामगिरी उठवली; पण हे रान तिच्या सत्तेबाहेर होते, आणि तेथून येणारा डिंक घेण्यास कोणाचा हात अडखळला नाही. त्याच भूमीवरील आजच्या मॉरिटानिया देशाने गुलामगिरी रद्द केली ती १९८१ साली!

आपली मुंबईही या कथेतून सुटत नाही. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेचा डिंक एडनच्या वाटेने मुंबईस येई, येथून पुढे जाई आणि लंडनात ‘ईस्ट इंडिया डिंक’ म्हणून विकला जाई. वेचणाऱ्याचे नाव कधी नव्हतेच. आता त्याच्या देशाचेही गेले.

१९६९ हे साल आम्हांस विशेष वाटते. त्या वर्षी महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला आणि विखुरलेल्या हमालाला मंडळ, मजुरी व हजेरी यांचा आधार मिळाला. त्याच वर्षी सुदानात कच्च्या डिंकाची निर्यात एकाच कंपनीच्या हाती देण्यात आली. ही मक्तेदारी २००९ पर्यंत टिकली. हमाल एका बाजारात एकत्र भेटतात, म्हणून त्यांची सभा भरते. वेचणारे रानात दूरदूरच्या झाडांखाली असतात. त्यांची सभा कोण भरवणार? तरीही कोर्दोफान प्रांतात डिंक उत्पादकांचे संघ उभे राहिले, हे त्यांचे मोठेपण.

अमेरिकेने १९९७ साली सुदानवर व्यापारबंदी घातली, पण डिंकाला वाट मोकळी ठेवली. कारण तिच्या शीतपेयांना व मिठायांना तो हवा होता. वस्तूला सवलत मिळाली, माणसाला नाही. एप्रिल २०२३ मध्ये पेटलेल्या यादवीत कोर्दोफान रणभूमी झाला आणि डिंकाच्या वाटांवर हत्यारबंद टोळ्या वसुलीला बसल्या.

त्या गड्याला आम्ही हे सारे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “म्हणजे त्यांच्याही पोत्यावर कोणीतरी बसलेला आहे.” इतिहासाची पुष्कळ पाने उलटूनही आम्हांस याहून नेमके वाक्य सापडलेले नाही.