चालत्या यंत्राचे दप्तर

जमिनीच्या दप्तरात एक नोंद असावी आणि बांधावर जाऊन पाहावे तो निराळेच दिसावे, हा अनुभव आपणांस नवा नाही. संगणकांच्या जगातही हा तंटा फार जुना आहे.

संगणकाचा सारा व्यवहार ऑपरेटिंग सिस्टिम नावाच्या मूळ आज्ञावलीवर चालतो. तिने कसे वागावे हे सांगणाऱ्या शेकडो नोंदी असतात: कोणास प्रवेश द्यावा, कोणते दार बंद ठेवावे, वेळ कोठून घ्यावी. यंत्र सुरू होताना त्या फायलींतून वाचते व पुढे महिनोन्महिने स्मरणातील मूल्यांवर चालते. लिनक्समध्ये यांपैकी कित्येक मूल्ये यंत्र न थांबविता बदलता येतात. मध्यरात्री काम अडते, कोणी एक आकडा बदलतो, गाडी चालू लागते. फाईल मात्र जुनीच राहते. पुढे कधी वीज जाते, यंत्र पुन्हा उठते आणि ती दुरुस्ती नाहीशी झालेली असते. ती करणारा गृहस्थ तोवर बहुधा दुसऱ्या नोकरीवर गेलेला असतो!

नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या आज्ञावलीने इंटरनेटवरील हजारो यंत्रे जेरीस आणली. आपल्या यंत्रात कोणी काय बदलले, हा प्रश्न तेव्हापासून टाळता येईना. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात जीन किम व प्राध्यापक स्पॅफर्ड यांनी १९९२ मध्ये ‘ट्रिपवायर’ सिद्ध केली. प्रत्येक फाईलीचा जणू अंगठ्याचा ठसा घेऊन तो सुरक्षित ठेवावयाचा व पुढे ताडून पाहावयाचा. एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही. पण बदल योग्य की अयोग्य, हे माणसानेच ठरवावयाचे.

पुढच्याच वर्षी ऑस्लो येथे मार्क बर्जेस या भौतिकशास्त्रज्ञाने ‘सीएफएन्जिन’ रचली. निरनिराळ्या कारखान्यांची युनिक्स यंत्रे सांभाळताना प्रत्येकासाठी वेगळा आज्ञासंच लिहिणे त्यास जाचक झाले. त्याने रीत उलटी केली. काय करावे हे न सांगता यंत्र कसे असावे हे लिहावयाचे; आज्ञावलीने प्रत्यक्षाशी ताडून पाहून तेवढाच फरक दूर करावयाचा. ती दहादा चालविली तरी फळ तेच. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत मोठे पाऊल हेच. २००५ मधील ‘पपेट’ व तिच्या भावंडांनी तीच वाट धरली.

दप्तर न जुळल्याची किंमत १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात दिसली. तेथे चूक ऑपरेटिंग सिस्टिमची नव्हती, व्यापाराच्या आज्ञावलीची होती. परंतु रोग तोच. नाइट कॅपिटल या पेढीच्या आठ यंत्रांपैकी सातांवर नवी आज्ञावली चढविली गेली, आठवे राहून गेले. त्यात वर्षानुवर्षे निजलेला जुना भाग जागा झाला आणि पाऊण तासात लक्षावधी मागण्या बाजारात गेल्या. बाजार उघडण्यापूर्वीच दोषाचा उल्लेख असलेली ९७ पत्रे यंत्रांनी आपोआप धाडली होती. त्यांकडे कोणी लक्ष दिले नाही. गडबडीत कर्मचाऱ्यांनी सात निर्दोष यंत्रांवरीलच नवी आज्ञावली काढून टाकली, आणि अनर्थ वाढला. तोटा ४६ कोटी डॉलरांहून अधिक झाला. आठही यंत्रे एकसारखी आहेत की नाहीत, हे दुसऱ्या माणसाने तपासावे असा लेखी नियम त्या पेढीत नव्हता, असे सरकारी चौकशीत २०१३ साली नमूद झाले.