तंत्रिका कोशिकांची प्रौढावस्थेतील निर्मिती : व्यायाम व ताण-हॉर्मोने

सस्तन प्राण्याच्या पूर्ण वाढ झालेल्या मेंदूत नव्या तंत्रिका कोशिका (मज्जापेशी) तयार होणे आणि शारीरिक व्यायाम व ताणाच्या वेळी स्रवणारी हॉर्मोने यांनुसार त्या निर्मितीचा वेग कमीजास्त होणे, या घटनांच्या संशोधनाचा हा इतिहास आहे. विसाव्या शतकाचा बराचसा काळ अशी निर्मिती अशक्य मानली जात होती. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांत्यागो रामोन इ काहाल (१८५२–१९३४) यांनी तंत्रिका तंत्राचा ऱ्हास व पुनर्जनन यांवरील आपल्या ग्रंथात (१९१३-१४) प्रौढ मेंदूतील तंत्रिका मार्ग हे ठरीव व अपरिवर्तनीय असल्याचे प्रतिपादन केले होते. काहाल यांना १९०६ चे नोबेल पारितोषिक कामील्लो गॉल्जी यांच्यासमवेत मिळाले होते आणि त्यांच्या अधिकारामुळे हे मत सिद्धांताच्या पदवीस पोहोचले. वस्तुतः विभाजन पावणारी कोशिका ओळखण्याचे खात्रीचे साधन त्यांच्या काळी उपलब्ध नव्हते.

ते साधन १९५० नंतरच्या दशकात मिळाले. थायमिडीन हा डीएनएचा घटक असून विभाजनापूर्वी कोशिका तो शोषून घेते. ट्रिटियम या किरणोत्सर्गी हायड्रोजनाने अंकित केलेले थायमिडीन प्राण्यास टोचले व पुढे मेंदूचे काप छायाचित्रण-पायसाखाली ठेवले, तर टोचणीच्या वेळी विभाजनाच्या तयारीत असलेल्या कोशिकांवर काळे कण उमटतात. जोसेफ ऑल्टमन (१९२५–२०१६) यांनी अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे या पद्धतीचा उपयोग करून प्रौढ सस्तन प्राण्यांत नव्या तंत्रिका कोशिका बनतात काय, हा प्रश्न १९६२ मध्ये मांडला. गोपाल दास यांच्यासमवेत १९६५ मध्ये त्यांनी उंदराच्या हिप्पोकँपसात (स्मृतीशी निगडित असलेल्या, मेंदूच्या आतील वक्राकार भागात) जन्मोत्तर तंत्रिकानिर्मितीचा पुरावा प्रसिद्ध केला. काळे कण दिसतात त्या कोशिका तंत्रिका कोशिका नसून आधारकोशिका असाव्यात, असा आक्षेप घेण्यात आला. मायकेल कॅप्लन यांनी १९७७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने अशा कोशिकांवर अनुबंधने (कोशिकांमधील जोडण्या) दाखवून तो आक्षेप दूर करण्याचा प्रयत्न केला. तरीही तज्ञांचे मत फारसे बदलले नाही. फर्नांडो नोटेबोम व स्टीव्हन गोल्डमन यांनी कॅनरी पक्ष्याच्या गायनकेंद्रात नव्या तंत्रिका कोशिका दाखविल्या (१९८३), तेव्हा पक्ष्यांची गोष्ट वेगळी, असे म्हणून ती बाजूस सारता येत होती. येल विद्यापीठातील पास्को राकिच यांनी १९८५ मध्ये ऱ्हीसस माकडांवरील प्रयोगांत अशी निर्मिती आढळली नसल्याचे नमूद केले. शिकलेले टिकवून ठेवण्यासाठी नरवानर गणातील प्राण्यांना तंत्रिका कोशिकांचा स्थिर संचच आवश्यक असावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवाद आकर्षक होता, आणि त्याच्या आकर्षकतेनेच काही वर्षे शोधाची वाट अडविली असे म्हणावे लागते.

ही वाट मोकळी झाली ती अगदी निराळ्या दिशेने, म्हणजे ताणाच्या अभ्यासातून. हान्स सेल्ये (१९०७–८२) यांनी कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठात काम करीत असताना १९३६ मध्ये असे दाखविले होते की, थंडी, इजा, विषारी द्रव्ये इ. परस्परभिन्न आघातांना उंदराचे शरीर एकाच साच्याचा प्रतिसाद देते : अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडावरील ग्रंथी) मोठ्या होतात, यौवनलोपी ग्रंथी आक्रसते व जठरात व्रण पडतात. अधोथॅलॅमस व पोष ग्रंथी यांच्या आज्ञेवरून अधिवृक्क ग्रंथीच्या बाह्यकातून स्रवणारी स्टेरॉइड हॉर्मोने या प्रतिसादाच्या केंद्रस्थानी असतात. मनुष्यात त्यांपैकी प्रमुख हॉर्मोन कॉर्टिसॉल असून उंदरात कॉर्टिकोस्टेरोन असते. ब्रूस मक्यूएन (१९३८–२०२०) व त्यांचे सहकारी यांना १९६८ मध्ये असे आढळले की, रक्तातून मेंदूत जाणारे कॉर्टिकोस्टेरोन विशेषेकरून हिप्पोकँपसात धरून ठेवले जाते. ताणाचे हॉर्मोन स्मृतीच्या केंद्रावर थेट क्रिया करते, ही कल्पना येथून पुढे आली.

मक्यूएन यांच्या न्यूयॉर्क येथील रॉकफेलर विद्यापीठातील प्रयोगशाळेत एलिझाबेथ गूल्ड या अधिवृक्क ग्रंथी काढून टाकलेल्या उंदरांच्या हिप्पोकँपसाचा अभ्यास करीत होत्या. त्यातील डेंटेट गायरस या दातेरी पट्ट्यात कोशिका मोठ्या प्रमाणावर मरत होत्या. परंतु त्या मानाने कोशिकांची एकूण संख्या घटत नव्हती. मृत्यू व संख्या यांचा हा हिशेब जुळण्यासाठी कोठेतरी जन्म होत असले पाहिजेत, हे उघड होते. याचे स्पष्टीकरण शोधताना ऑल्टमन यांचे जवळजवळ विस्मृतीत गेलेले निबंध हाती आले. अधिवृक्क हॉर्मोने प्रौढ उंदराच्या डेंटेट गायरसातील कोशिका-विभाजन दडपतात, असा निष्कर्ष गूल्ड व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९९८ मध्ये मार्मोसेट माकडांत, परक्या नराच्या पिंजऱ्यात एकदाच सोडल्यानेही नव्या कोशिकांची निर्मिती घटते, असे दिसून आले. नरवानर गणातही ही निर्मिती होते, हे राकिच यांच्या गटानेच १९९९ मध्ये हिप्पोकँपसापुरते मान्य केले. मेंदूच्या बाह्यकातही नव्या तंत्रिका कोशिका बनतात, हा गूल्ड यांचा त्याच वर्षीचा दावा मात्र टिकला नाही.

व्यायामाचा संबंध काहीसा अनपेक्षितपणे उघड झाला. कॅलिफोर्नियातील सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये गेर्ड केम्परमान व फ्रेड गेज यांना १९९७ मध्ये असे आढळले होते की, खेळणी, बोगदे व सोबती असलेल्या प्रशस्त पिंजऱ्यातील मूषकांत डेंटेट गायरसातील कणकोशिकांची संख्या सु. १५ टक्क्यांनी अधिक असते. यांपैकी नेमके कारण कोणते, हे ठरविण्यासाठी हेन्रिएट व्हान प्राग यांनी शिकणे, पोहणे व चाकावर धावणे हे घटक अलग केले. केवळ धावणाऱ्या मूषकांतही नव्या कोशिका जवळजवळ दुप्पट प्रमाणात टिकल्या (१९९९). पोहण्याने वा शिकण्याने तसे घडले नाही. धावण्यामुळे हिप्पोकँपसात मेंदूजन्य तंत्रिकापोषक घटकाचे प्रमाण वाढते, हे १९९५ पासून ज्ञात होते. रक्तातून येणारा इन्शुलिनसदृश वृद्धिघटक-१ मेंदूत शिरू दिला नाही, तर व्यायामाचा हा परिणाम होत नाही, असे २००१ मध्ये दिसले.

येथे एक विसंगती उभी राहते. धावल्यानेही कॉर्टिकोस्टेरोन वाढते. मग ताणात जे हॉर्मोन कोशिका-निर्मिती रोखते ते व्यायामात का रोखत नाही? या प्रश्नाचे अंशतः उत्तर २००६ मधील प्रयोगांतून मिळाले. एकट्याने ठेवलेल्या उंदरांत धावण्याचा लाभ बराच उशिरा दिसला, कळपातील उंदरांत तो लवकर दिसला. एकट्यांतील कॉर्टिकोस्टेरोनाची पातळी खाली आणल्यावर त्यांनाही लाभ झाला. म्हणजे केवळ हॉर्मोनाच्या प्रमाणावरून परिणाम ठरत नाही, ज्या परिस्थितीत ते स्रवते तीही महत्त्वाची ठरते.

मनुष्यातील पहिला पुरावा स्वीडनमधील पेटर एरिक्सन व गेज यांनी १९९८ मध्ये दिला. कर्करोगाच्या वाढीचे मापन करण्यासाठी काही रुग्णांना विभाजन पावणाऱ्या कोशिकांत शिरणारे ब्रोमोडीऑक्सियुरिडीन टोचण्यात आले होते. त्यांपैकी पाच जणांच्या मृत्यूनंतर हिप्पोकँपसात त्याने अंकित झालेल्या तंत्रिका कोशिका सापडल्या. कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधील योनास फ्रीसेन यांच्या गटाने अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ चा वयमापक म्हणून उपयोग केला. १९६३ च्या चाचणीबंदी करारानंतर हे प्रमाण घटत गेल्याने कोशिकेच्या डीएनएतील कार्बनावरून तिचा जन्मकाळ काढता येतो. त्यावरून प्रत्येक बाजूच्या हिप्पोकँपसात दररोज सु. ७०० नव्या तंत्रिका कोशिका भर पडतात, असा अंदाज २०१३ मध्ये करण्यात आला.

वाद मात्र संपला नाही. २०१८ मध्ये एका गटाला प्रौढ मानवी हिप्पोकँपसात नव्या कोशिका आढळल्या नाहीत, तर त्याच वर्षी दुसऱ्या गटाला वृद्धांतही आढळल्या. माद्रिद येथील संशोधकांनी २०१९ मध्ये असे दाखविले की, मृत्यूनंतर ऊतक रसायनात फार काळ ठेवल्यास अपक्व कोशिका ओळखण्याची खूण नाहीशी होते. फ्रीसेन यांच्या गटाने २०२५ मध्ये प्रौढ मानवात विभाजन पावणाऱ्या पूर्वज कोशिका ओळखल्या. त्यांचे प्रमाण व्यक्तिव्यक्तींत बरेच भिन्न असल्याचेही त्यांना दिसले. व्यायामाच्या बाबतीत मनुष्याविषयीचा पुरावा अप्रत्यक्ष आहे. १२० वृद्धांच्या २०११ मधील अभ्यासात वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या हिप्पोकँपसाचे आकारमान सु. २ टक्क्यांनी वाढले व केवळ ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांत ते सु. १·४ टक्क्यांनी घटले. परंतु ही वाढ नव्या तंत्रिका कोशिकांमुळे, रक्तवाहिन्यांमुळे की जुन्या कोशिकांच्या शाखांमुळे झाली, हे प्रतिमादर्शनावरून सांगता येत नाही.